डेबियनवाला इयान मरडॉक

लॅबमध्ये उबुंटू चालू केलं की आपण एक कमांड मारतो आणि हवं ते सॉफ्टवेअर मिनिटभरात मशीनवर येऊन बसतं. ते कुठून आलं, कोणी बांधून ठेवलं होतं, असले प्रश्न आपल्याला पडत नाहीत. उबुंटू ज्याच्यावर उभं आहे त्या डेबियनमध्ये आज जवळजवळ ७० हजार पॅकेजेस आहेत, आणि त्यातलं प्रत्येक कोणीतरी सांभाळावं लागतं. ही पद्धत ज्याने सुरू केली तो इयान मरडॉक त्या वेळी फक्त वीस वर्षांचा होता. म्हणजे आपल्या टी.ई.च्या वर्गात शोभला असता!

इयानचा जन्म २८ एप्रिल १९७३ चा, जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ गावचा. पुढे तो अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात वाढला आणि तिथल्याच पर्ड्यू युनिव्हर्सिटीत शिकला. लिनक्स तेव्हा नुकतंच जन्माला आलं होतं. नुसतं कर्नल घेऊन काही होत नाही, बरोबर एडिटर, कंपायलर असं सगळं लागतं. हा सगळा संच एकत्र करून देणाऱ्याला डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. त्या काळी एसएलएस नावाचं डिस्ट्रिब्यूशन खूप चालायचं. ते फ्लॉपींवर यायचं आणि त्यात चुकाही भरपूर असायच्या. चूक कळवली तरी ती दुरुस्त होईलच याची खात्री नसायची. इयानचं डोकं फिरलं ते इथेच. त्याच्या लक्षात आलं की संच एकदा बनवणं फारसं कठीण नाही. तो रोजच्या रोज सांभाळणं हे खरं काम आहे, आणि तेच कोणी करत नव्हतं.

१६ ऑगस्ट १९९३ रोजी त्याने डेबियनची घोषणा केली. तेव्हाची मैत्रीण आणि पुढे पत्नी झालेली डेब्रा हिचं नाव आणि स्वतःचं नाव जोडून 'डेबियन' झालं. त्याची कल्पना साधी होती. एकट्याने सगळं करायचं नाही. सॉफ्टवेअरची छोटी छोटी पॅकेजेस करायची, प्रत्येकाला एक मेंटेनर द्यायचा आणि त्याचं नाव पॅकेजवरच लिहायचं. पॅकेज बिघडलं तर कोणाला विचारायचं ते लगेच कळतं. ही पॅकेजेस बसवायला आणि काढायला डीपीकेजी नावाचा प्रोग्राम झाला. त्याची अगदी सुरुवातीची आवृत्ती इयानची. पुढे इयान जॅक्सन या दुसऱ्या इयानने तो नव्याने लिहिला. चुका नोंदवायची सिस्टिमसुद्धा या जॅक्सनचीच.

कामावर नाव लिहिलं की कामं होतात हे खरं. पण एक नवी भानगडही त्यातूनच निघते. नाव लिहिलेलं असतं आणि माणूस गायब असतो!

डेबियनमध्ये पुढे यासाठी एक वहीच तयार झाली. ही वही इयानने केलेली नाही, पण ती त्याच्या कल्पनेचीच पुढची पायरी आहे. एखादं सॉफ्टवेअर डेबियनमध्ये हवं असेल तर कोणीही तिथे विनंती टाकू शकतो. तिला आरएफपी म्हणतात. म्हणजे फक्त मागणी, 'कोणीतरी हे करा' अशी. ते काम स्वतः करायचं असेल तर आयटीपी टाकायचा. म्हणजे 'हे मी करतोय'. पॅकेज तयार होऊन डेबियनमध्ये आलं की ती नोंद बंद होते. हातातलं पॅकेज सांभाळणं जमत नसेल तर ते 'ऑर्फन' केलं असं जाहीर करायचं, मग दुसरा कोणी ते दत्तक घेतो. तोपर्यंत त्याची काळजी क्वालिटी बघणारा गट घेतो.

कागदावर सगळं छान आहे. प्रत्यक्षात त्या वहीत हजारो विनंत्या साचतात आणि काही तर वर्षानुवर्षं पडून असतात. ज्या सॉफ्टवेअरची मागणी केली ते मूळ लेखकानेच सोडून दिलेलं असतं. कधी तेच सॉफ्टवेअर दुसऱ्या नावाने डेबियनमध्ये केव्हाच आलेलं असतं. कधी लायसन्स बसत नाही. अशा शिळ्या आरएफपीने फार बिघडत नाही, फक्त नवीन माणसाला खऱ्या गरजेची विनंती सापडत नाही.

शिळा आयटीपी मात्र जास्त वाईट. 'मी करतोय' असं एकाने लिहिलं की बाकीचे सभ्यपणे बाजूला होतात. लिहिणारा परीक्षेत अडकतो, नोकरीला लागतो किंवा त्याचा उत्साहच संपतो. नोंद मात्र तशीच राहते. म्हणजे कोणी काम करत नाही आणि कोणी करूही शकत नाही. बसमध्ये सीटवर रुमाल टाकून उतरून गेलेल्या माणसासारखं हे आहे.

मग अशा नोंदी हाताळायच्या कशा? एका झटक्यात सगळ्या पुसल्या तर काम सोपं होईल, पण त्यात एखाद्याची खरी मेहनतही जाईल. म्हणून आधी बघायचं की सॉफ्टवेअर अजून जिवंत आहे का, ते डेबियनमध्ये आधीच आलंय का, लायसन्स चालतं का. मग आयटीपीवाल्याला मेल करून विचारायचं की काम चालू आहे का, अर्धवट झालेलं काही देता येईल का. उत्तरासाठी वेळ द्यायचा. उत्तर आलंच नाही तर नोंदीवरचं त्याचं नाव काढायचं आणि आयटीपीचा पुन्हा आरएफपी करायचा. रुमाल उचलला, सीट मोकळी. तरीही खूप काळ कोणी पुढे आलं नाही तर कारण लिहून विनंती बंद करायची. बंद केली म्हणजे फाडून टाकली असं नाही. तिचा नंबर आणि त्याखालची सगळी चर्चा तशीच राहते, आणि उद्या कोणी तयार झाला तर ती परत उघडता येते.

यात कोणाला दोषी ठरवायचं नसतं, आणि मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. डेबियनची घटना १९९८ मध्ये मंजूर झाली. तिच्यात स्पष्ट म्हटलंय की प्रोजेक्टसाठी काम करण्याची सक्ती कोणावरच नाही. सगळे आपल्या खुशीने येतात. त्यामुळे काम न करणं हा गुन्हा नाही. अट एवढीच की जमत नसेल तर सांगून टाका आणि जागा मोकळी करा.

आता परत इयानकडे येऊ, कारण हे त्याने स्वतः करून दाखवलं. मार्च १९९६ मध्ये, पदवीच्या वर्षातच, त्याने डेबियनचं नेतृत्व सोडलं आणि ते ब्रूस पेरेन्सकडे दिलं. ज्या प्रोजेक्टच्या नावातच आपलं नाव आहे तो दुसऱ्याच्या हातात द्यायचा, आणि तोही बावीसाव्या वर्षी! तो नावापुरता प्रमुख म्हणून बसून राहिला असता तरी कोणी हटकलं नसतं. पण त्याने खुर्ची अडवली नाही. त्याच वर्षी जूनमध्ये डेबियन १.१ आलं, त्यात ४७४ पॅकेजेस होती. तिथून आजच्या ७० हजारांपर्यंतचा प्रवास त्याच्याशिवाय झाला, आणि तरीही तो त्याचाच आहे.

पुढे त्याने प्रोजेनी नावाची कंपनी काढली. ती २००७ पर्यंत चालली. त्याच वर्षी तो सन मायक्रोसिस्टिम्समध्ये गेला आणि ओपनसोलारिसच्या कामाचं नेतृत्व केलं. नवीन पॅकेज सिस्टिम हा त्या कामाचा मोठा भाग होता, म्हणजे आवड तीच राहिली. ओरॅकलने सन विकत घेतल्यावर २०१० मध्ये ओपनसोलारिस बंद झालं. इयानचं सगळंच यशस्वी झालं असं नाही. २०१५ च्या शेवटी तो डॉकर कंपनीत रुजू झाला आणि २८ डिसेंबर २०१५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत गेला. वय अवघं ४२. जून २०१७ मध्ये आलेलं डेबियन ९ त्याच्या स्मृतीस अर्पण करण्यात आलं.

मित्रांनो, आपल्याकडेही फेस्टच्या कमिटीत, क्लबात, प्रोजेक्ट ग्रुपमध्ये 'मी करतो' म्हणणारे हात पटापट वर जातात. त्यात वाईट काही नाही, असे हात वर गेले नसते तर डेबियन झालंच नसतं. पण महिन्याभराने जमत नाहीये असं दिसलं तर तोच हात पुन्हा वर करून तसं सांगायलाही हवं. सुट्टीत कोणाला डेबियनमध्ये काही करावंसं वाटलं तर नवीन पॅकेजच केलं पाहिजे असं नाही. त्या वहीतली एखादी जुनी विनंती उघडा, सॉफ्टवेअर जिवंत आहे का बघा, आणि जे आढळेल ते दोन ओळींत खाली लिहा. एवढ्यानेही कोणाची तरी अडलेली वाट मोकळी होते.