सरखेल कान्होजी आंग्रे : जीवन आणि वारसा

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच बंदर ओलांडून रेवसला पोहोचते. धरमतर खाडीच्या मुखाशी आपण उभे राहिलात, तर मुंबई आणि अष्टागर यांच्यात अंतर किती थोडे आहे, हे ध्यानात येईल. अठराव्या शतकाच्या आरंभी या अंतराच्या दोन टोकांना दोन सत्ता उभ्या होत्या : एक ईस्ट इंडिया कंपनीची, दुसरी कान्होजी आंग्रे यांची.

मोगल आक्रमणाच्या धामधुमीत कान्होजींनी मराठी आरमार सावरले आणि सरखेलपद मिळवले. छत्रपतींच्या घराण्यात दुही माजली, तेव्हा ते ताराबाईंच्या पक्षात होते. १७१३ मध्ये शाहू महाराजांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे त्यांच्यावर चालून गेले. कान्होजींनी त्यांनाच कैद केले. मात्र त्यानंतर बाळाजी विश्वनाथ बोलणी करण्यास आले असता त्यांनी तह स्वीकारला. शाहू महाराजांचे स्वामित्व मान्य करून त्यांनी सरखेलपद व किनाऱ्यावरील किल्ले राखले. हाती विजय असताना केलेली ही तडजोड त्यांच्यातील मुत्सद्द्याची साक्ष देते.

इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवले. या शब्दामागील वाद आपण नीट समजून घ्यावा. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी सरखेलांचा दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावा, असा कान्होजींचा आग्रह होता. पोर्तुगीजही समुद्रावर असेच परवाने देत. मग एकाचा तो हक्क आणि दुसऱ्याची ती लूट कशी? कंपनीने १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला केला. १७२१ मध्ये पोर्तुगीजांसह कुलाब्यावर चाल केली. दोन्ही मोहिमा फसल्या.

१७२९ मध्ये कान्होजी निवर्तले. पुढे मुलांमध्ये भाऊबंदकी पेटली आणि १७५६ मध्ये पेशवे व इंग्रज यांनी मिळून विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांचा पाडाव केला. ज्या आरमाराला परकी सत्ता नमवू शकल्या नव्हत्या, ते घरच्या फुटीने दुबळे झाले. आज मुंबईतील भारतीय नौदलाचा एक तळ ‘आंग्रे’ हे नाव धारण करतो. कान्होजींची समाधी अलिबागेत आहे.

विचार करा : एखाद्या पुरुषाचे मूल्यमापन करताना त्याच्या प्रतिपक्षाने ठेवलेले नाव आपण कितपत प्रमाण मानावे?