काका कालेलकर : हिमालयात पायी गेलेले गुरुजी



आपल्या परभणी जिल्ह्यात गोदावरीला गंगाच म्हणतात. गंगाखेडची मुलं नदीवर जायचं म्हणजे गंगेवर जायचं, असंच बोलतात. मग उत्तरेतली गंगा जिथून येते, तिथे पायी गेलेल्या एका मराठी शिक्षकाची गोष्ट त्यांना सांगायलाच हवी.

दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर यांचा जन्म १ डिसेंबर १८८५ रोजी साताऱ्यात झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून ते बी. ए. झाले. ‘राष्ट्रमत’ दैनिकात काम केलं आणि मग बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिकवू लागले. तिथे शिक्षकांना घरातल्या नात्याने हाक मारायची पद्धत होती. कुणी मामा, कुणी अण्णा. कालेलकर झाले काका! तेच नाव जन्मभर राहिलं.

ही शाळा मुलांना देशप्रेम शिकवते, म्हणून इंग्रज सरकारची तिच्यावर नजर होती. १९१२ मध्ये ती बंद पडली. विचार करा, वय जेमतेम २६, मागे संसार, आणि जिच्यात जीव ओतला ती शाळाच गेली. काका हिमालयाकडे निघाले.

सोबत स्वामी आनंद होते. त्या काळी वरपर्यंत मोटारीचे रस्ते नव्हते, वाट पायीच तुडवायची. यमुनोत्री, गंगोत्री, केदारनाथ, बद्रीनाथ त्यांनी पाहिलं. आपली परभणी समुद्रसपाटीपासून साधारण ३५० मीटरवर, तर केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर. म्हणजे दहापट उंच! तिथे हवा विरळ असते, थोडं चाललं तरी धाप लागते.

मनात संन्यासाची ओढ होती, तरी काका डोंगरात राहिले नाहीत. १९१५ मध्ये शांतिनिकेतनात गांधीजींची भेट झाली आणि साबरमती आश्रमाच्या शाळेत ते पुन्हा मुलांसमोर उभे राहिले. पुढे गुजरात विद्यापीठाचे कुलनायक झाले. मातृभाषा मराठी, पण हिमालयाचा प्रवास त्यांनी गुजरातीत लिहिला. नद्यांवर ‘लोकमाता’ हे पुस्तकही लिहिलं. १९६४ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. २१ ऑगस्ट १९८१ रोजी त्यांचं निधन झालं.

कधी कधी आपल्यालाही वाटतं, आता हे काम नको. तेव्हा मला काका आठवतात. ते दूर गेले, पण परत वर्गात आले.

वर्गात नकाशा लावून मुलांना एवढंच विचारा : आपली गंगा कुठून येते, आणि काकांची कुठून?