धार लावली तरी न गंजणारं पातं

लिंबू कापलेली सुरी रात्रभर सिंकमध्ये तशीच पडू द्या. सकाळी धुतली की पुन्हा चकाचक. आता हाच प्रयोग आजीच्या लोखंडी विळीवर करून बघा (आजी समोर नसताना!). पातं काळं पडेल, तांबूस गंज चढेल आणि बोलणी खाल ती वेगळीच. या दोन पात्यांत हा फरक ज्याच्यामुळे पडला, त्या माणसाची शाळा बाराव्या वर्षीच सुटली होती.

त्याचं नाव हॅरी ब्रिअर्ली. जन्म १८७१चा, इंग्लंडमधल्या शेफील्डचा. हे गाव म्हणजे सुऱ्या-कात्र्यांची राजधानीच. वडील थॉमस फर्थ कंपनीत भट्टीवर पोलाद वितळवायचे. हॅरीही तिथेच कामाला लागला आणि लवकरच कंपनीच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुऊ लागला. बाटल्या धुता धुता रसायनशास्त्र शिकला, रात्रीचे वर्ग केले. १९०८ मध्ये फर्थ आणि जॉन ब्राउन या दोन कंपन्यांनी मिळून संशोधन प्रयोगशाळा काढली, तेव्हा तिचा प्रमुख हाच बाटल्या धुणारा पोरगा होता!

त्या काळी घरोघरच्या सुऱ्या साध्या पोलादाच्या असत. आरशासारखं पॉलिश केलं, तर त्या गंजायला थोडा जास्त वेळ लागे, इतकंच. श्रीमंतांच्या घरी फळं कापायला चांदीचा मुलामा दिलेल्या सुऱ्या. बाकीच्यांकडे रोज जेवणानंतर विटकरीच्या पुडीने पाती घासणं आलंच. मुलामा द्या नाहीतर आजच्यासारखा काळा थर चढवा, अडचण एकच आहे. सुरीला धार लावली की नेमका धारेवरचा थर निघून जातो आणि पोलाद उघडं पडतं. म्हणजे जिथे गरज सर्वात जास्त, तिथेच संरक्षण नाही.

ब्रिअर्लीला खरं तर सुऱ्यांचं काही पडलेलं नव्हतं. त्याच्याकडे काम आलं होतं बंदुकीच्या नळ्यांचं. गरम वायूंमुळे त्या आतून झिजत होत्या. म्हणून त्याने पोलादात क्रोमियम वाढवत नेलं. १३ ऑगस्ट १९१३ रोजी ओतलेल्या पोलादात ते जवळपास १३ टक्के होतं. भंगारात एक चमकणारा तुकडा सापडला, ही गोष्ट तुम्ही कुठेतरी ऐकली असेल. मला मात्र प्रयोगशाळेतली गोष्ट जास्त भारी वाटते. पोलाद सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं तर आधी पॉलिश करून त्यावर नायट्रिक आम्ल लावतात. आम्लाने पृष्ठभाग थोडा खाल्ला की आतली रचना दिसते. या तुकड्याला आम्ल काही केल्या लागेना. दुसरा कुणी असता तर वैतागून तुकडा बाजूला ठेवला असता. ब्रिअर्लीने त्यावर व्हिनेगर आणि लिंबाचा रस लावून पाहिला. मग त्याच्या डोक्यात आली सुरी.

कारण असं की क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून पात्यावर अतिशय पातळ, न दिसणारा थर बनवतं. ओरखडा पडला, धार लावली, तरी तो थर आपोआप पुन्हा तयार होतो. तरीही पॉलिशचं महत्त्व संपत नाही बरं का. खरबरीत, मॅट पात्याच्या बारीक खाचांमध्ये ओल आणि मीठ अडकून बसतं. ब्रश फिरवलेल्या सॅटिन फिनिशमध्ये त्याहून कमी, आरशासारख्या गुळगुळीत पात्यावर सर्वात कमी. सुरी घेताना एवढं लक्षात ठेवा.

मालकांना मात्र यात धंदा दिसेना. शेफील्डच्या कारागिरांनी बनवलेली पाती धार धरेनात. न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोध लावणारा, अशी त्याची थट्टा झाली. खरी गोम तापमानात होती. हे पोलाद कडक करायला साध्या पोलादापेक्षा बरंच जास्त तापवावं लागतं. शेवटी मोस्ली कंपनीच्या अर्नेस्ट स्टुअर्टने पुढाकार घेतला. पहिल्या खेपेला त्याची हत्यारंच बोथट झाली, दुसऱ्या खेपेला सुऱ्या ठिसूळ निघाल्या. तिसऱ्या खेपेला ब्रिअर्ली स्वतः शेजारी उभा राहिला आणि जमलं. ‘स्टेनलेस’ हे नावही स्टुअर्टचंच.

यश दिसू लागल्यावर शोध कुणाचा यावरून वाजलं. ब्रिअर्लीला अर्धा हक्क हवा होता. कंपनीचं म्हणणं, पगार आमचा तर शोधही आमचाच. १९१५ मध्ये त्याने नोकरी सोडली आणि शेफील्डच्याच ब्राउन बेलीज कंपनीत गेला. अमेरिकेत एलवुड हेन्सही अशाच पोलादावर हक्क सांगत होता, जर्मनीत क्रुपचे लोकही याच वाटेवर होते. त्यामुळे एकट्या ब्रिअर्लीला सगळं श्रेय देणं बरोबर नाही. पण ते ताटाशेजारच्या सुरीपर्यंत पोचवण्याची चिकाटी त्याची, असं मला वाटतं.

१९२० मध्ये त्याला बेसेमर सुवर्णपदक मिळालं. फर्थच्या प्रयोगशाळेत त्याच्या जागी आलेल्या हॅटफील्डने १९२४ मध्ये निकेल घातलेलं १८-८ पोलाद आणलं. आपली ताटं-वाट्या त्या घराण्यातल्या. पण ते पोलाद तापवून कडक होत नाही, म्हणून सुरीच्या पात्यासाठी आजही ब्रिअर्लीच्या जातीचंच पोलाद वापरतात. तो स्वतः १९४८ मध्ये टॉर्की इथे वारला.