‘अनडिफाइंड रेफरन्स’ आणि ग्रेस हॉपर: कंपाइलर एरर का देतो, याची खरी गोष्ट

एखाद्या सी लायब्ररीसोबत आलेला उदाहरणाचा प्रोग्राम कधी बिल्ड करून पाहिलाय का? कोड आपला नसतो, लायब्ररीवाल्यांनीच दिलेला असतो. आपण एक अक्षरही बदललेलं नसतं. तरी एंटर दाबलं की स्क्रीनभर एरर!

सेकंड इयरला माझं हेच झालं. लिबकर्ल लायब्ररीचा ‘सिंपल डॉट सी’ हा छोटासा प्रोग्राम होता. एक वेबपेज आणून दाखवायचं, एवढंच त्याचं काम. आधी एरर आली की हेडर फाइल सापडत नाही. ती कशीबशी गेली, तर ‘अनडिफाइंड रेफरन्स’च्या ओळीच ओळी. दोन रात्री त्यातच गेल्या. दुसऱ्या रात्री लॅपटॉप बंद केला आणि मनाशी ठरवलं की कोडिंग हे आपलं काम नाही.

चूक फक्त कमांडमध्ये होती, हे नंतर कळलं. त्याहून उशिरा कळलं ते ग्रेस हॉपर यांच्याबद्दल. कोड जोडताना माणसं हमखास चुकतात, हे या बाईंनी फार आधी ओळखलं होतं आणि त्यावर उपाय म्हणूनच कंपाइलर बनवला होता. त्यांची गोष्ट मला तेव्हा माहीत असती, तर लॅपटॉप इतक्या लवकर बंद केला नसता.

घड्याळं उघडणारी मुलगी

ग्रेस ब्रूस्टर मरे हिचा जन्म 9 डिसेंबर 1906 रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. सात वर्षांची असताना गजराचं घड्याळ कसं चालतं हे बघायला तिने ते उघडलं. परत जोडता येईना, म्हणून दुसरं उघडलं. असं करत घरातली सात घड्याळं सुटी झाली. शेवटी आईने तिला एकच घड्याळ खेळायला दिलं.

पुढे 1928 मध्ये व्हासार कॉलेजातून पदवी आणि 1934 मध्ये येल विद्यापीठातून गणितात पीएचडी. 1930 मध्ये व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झालं आणि हॉपर हे आडनाव आलं. 1945 मध्ये घटस्फोट झाला, पण आडनाव कायम राहिलं. 1931 पासून त्या व्हासारमध्येच गणित शिकवत होत्या. नोकरी पक्की, आयुष्य मार्गी लागलेलं.

तेवढ्यात दुसरं महायुद्ध आलं. हॉपरना नौदलात जायचं होतं. वय जास्त आणि वजन नियमापेक्षा सुमारे 15 पौंड कमी. तरीही खास परवानगी मिळवून त्या डिसेंबर 1943 मध्ये, वयाच्या 37 व्या वर्षी, नौदलाच्या राखीव दलात भरती झाल्या. प्रशिक्षणात पहिल्या आल्या आणि जुलै 1944 मध्ये त्यांना हार्वर्ड विद्यापीठात पाठवलं गेलं.

वहीतून कोड उतरवण्याचे दिवस

तिथे हॉवर्ड आयकेन यांचं ‘मार्क वन’ मशीन होतं. सुमारे 51 फूट लांब, 8 फूट उंच आणि वेग साधारण सेकंदाला तीन बेरजा. प्रोग्राम म्हणजे भोकं पाडलेली कागदी टेप. त्याआधी हॉपर यांनी कॉम्प्युटर पाहिलेलाही नव्हता. पण पुढच्या दोन वर्षांत त्याचं 500 हून जास्त पानांचं मॅन्युअल त्यांनीच लिहून काढलं.

आता इथे लक्ष द्या, कारण आपली ‘लायब्ररी’ इथूनच सुरू होते. साइन काढायची असेल, तर दरवेळी नव्याने कोड कोण लिहिणार? एकाने लिहिलेला आणि तपासलेला तुकडा बाकीचे आपल्या वहीत उतरवून घ्यायचे. अशा तुकड्याला सबरूटीन म्हणतात. हार्वर्डच्या टीमकडे अशा वह्या होत्या. त्यांची लायब्ररी म्हणजे या वह्याच.

पण हाताने उतरवताना चुका व्हायच्याच. पुढे युनिव्हॅकवरही तेच दिसलं. तिथे मोकळ्या जागेसाठी डेल्टा, म्हणजे त्रिकोणी चिन्ह वापरत. घाईत काढलेला डेल्टा 4 सारखा दिसायचा आणि इंग्रजी बी चा 13 व्हायचा. दुसरी अडचण पत्त्यांची. प्रत्येक सबरूटीन शून्यापासून मोजून लिहिलेलं असायचं. ते मोठ्या प्रोग्रामच्या मध्ये टाकलं की आतल्या प्रत्येक पत्त्यात ठरावीक आकडा मिळवावा लागे. ही बेरीजही हातानेच. आणि मोठमोठे गणितीही बेरजेत चुकायचे!

पतंगाचा किस्सा तुम्ही ऐकला असेल. 9 सप्टेंबर 1947 रोजी हार्वर्डच्या ‘मार्क टू’ मशीनच्या रिलेमध्ये अडकलेला एक पतंग सापडला आणि टीमने तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. ही वही आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पण हॉपर यांनी तो पतंग स्वतः पकडला नव्हता, आणि ‘बग’ हा शब्दही त्यांचा नाही, तो एडिसनच्या काळापासून वापरात होता. त्यांना तो किस्सा सांगायला आवडायचा, म्हणून तो त्यांच्या नावावर चिकटला.

मशीनच गोळा करेल

1949 मध्ये हॉपर हार्वर्ड सोडून फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉकली कंपनीत गेल्या. तिथे ‘युनिव्हॅक’ तयार होत होता. त्यांच्या डोक्यात एक साधा विचार आला. उतरवणं आणि बेरीज करणं ही दोन्ही कामं माणसाला नीट जमत नाहीत, पण कॉम्प्युटर तर त्यासाठीच बनलाय. मग ही कामं त्याच्याकडेच का देऊ नयेत?

1951-52 मध्ये त्यांनी ‘ए-झिरो’ तयार केला. सबरूटीन टेपवर साठवलेली आणि प्रत्येकाला एक नंबर. प्रोग्रामरने फक्त नंबर आणि लागणारी माहिती द्यायची. मशीन टेपवरून ते तुकडे शोधणार, एकामागे एक लावणार, पत्ते दुरुस्त करणार. लायब्ररीतून तुकडे गोळा करणारा म्हणून नाव पडलं कंपाइलर. कंपाइल म्हणजे संकलन करणं. आजच्या भाषेत हे काम लिंकर आणि लोडरचं आहे.

यात एक गुंता होता. मशीन तुकडे क्रमाने लावत असताना कोड मध्येच पुढच्या अशा जागी उडी मारायला सांगतो, जी अजून ठरलेलीच नाही. मग तिथे पत्ता कुठला लिहायचा? हॉपर यांना त्यांचे कॉलेजमधले बास्केटबॉलचे दिवस आठवले. जिच्याकडे चेंडू द्यायचाय ती अजून जागेवर पोहोचली नसेल, तर तो मध्ये दुसरीकडे द्यायचा आणि तिथून पुढे ढकलायचा. त्यांनी मेमरीच्या शेवटी एक छोटा कोपरा राखून ठेवला. पुढची उडी आधी त्या कोपऱ्यात जायची. खरी जागा ठरली की कोपऱ्यातून तिकडे जायची सोय व्हायची.

सुरुवातीला कुणाचा विश्वास बसेना. कॉम्प्युटर फक्त आकडेमोड करतो, प्रोग्राम लिहीत नाही, अशीच समजूत होती. त्यात हॉपर यांनी आणखी पुढे जाऊन इंग्रजी शब्दांत आज्ञा घेणारी भाषा सुचवली. मशीनसाठी शब्द म्हणजे फक्त चिन्हं, हे पटवायला त्यांनी फ्रेंच आणि जर्मन शब्दांवर चालणारा नमुनाही दाखवला. वरिष्ठ उलट बिथरले. अमेरिकन मशीनला फ्रेंच, जर्मन कसं कळेल? तरी काम थांबलं नाही. त्यातून ‘फ्लो-मॅटिक’ आली आणि तिचा मोठा प्रभाव 1959 मध्ये सुरू झालेल्या ‘कोबॉल’वर पडला. कोबॉल समितीने बनवली, हॉपर तिच्या तांत्रिक सल्लागार होत्या.

डिसेंबर 1960 मध्ये जवळपास तोच कोबॉल प्रोग्राम आरसीए आणि युनिव्हॅक अशा दोन वेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर चालवून दाखवला गेला. पण नंतर प्रत्येक कंपनीचा कंपाइलर थोडा वेगळा वागू लागला. 1966 अखेर निवृत्त झालेल्या हॉपरना नौदलाने 1967 मध्ये परत बोलावलं ते यासाठीच. कंपाइलर नियमाप्रमाणे वागतो का, हे तपासणारे प्रोग्राम त्यांच्या गटाने तयार केले. 14 ऑगस्ट 1986 रोजी, 79 व्या वर्षी, त्या रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. 1 जानेवारी 1992 रोजी त्यांचं निधन झालं.

आता आपली एरर

हॉपर यांचं काम लक्षात ठेवलं, तर सी लायब्ररीची एरर सोडवणं सोपं जातं. आधी बघा, तक्रार कोण करतंय.

1. हेडर फाइल सापडत नाही. ही तक्रार कंपाइलरची. हेडर म्हणजे लायब्ररीत काय काय आहे याची यादी. उबुंटूसारख्या लिनक्सवर हेडर वेगळ्या पॅकेजमध्ये असतात, ज्याच्या नावाच्या शेवटी बहुतेक वेळा ‘डेव्ह’ असतं. ते टाका. फोनवर टर्मक्स वापरत असाल, तर तिथे हेडर लायब्ररीच्या पॅकेजमध्येच येतात.

2. अनडिफाइंड रेफरन्स किंवा अनडिफाइंड सिंबॉल. खाली ‘एलडी’ हे नाव दिसलं की समजा, तक्रार लिंकरची आहे. तुमचा कोड कंपाइल झालाय! यादी मिळाली, पण तुकडा कुठल्या लायब्ररीतून आणायचा हे आपण सांगितलेलं नाही. कमांडच्या शेवटी ‘हायफन एल कर्ल’ लिहा, मध्ये स्पेस न देता. शेवटीच का? लिनक्सवरचा नेहमीचा लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो. आधी काय हवंय ते त्याला कळलं पाहिजे, मग लायब्ररी. माझ्या दोन रात्री इथेच गेल्या. मी ते सोर्स फाइलच्या आधी लिहीत होतो.

3. फंक्शनच माहीत नाही. उदाहरण नव्या आवृत्तीचं आणि फोनमधली लायब्ररी जुनी, असं होऊ शकतं. दोन्हींची आवृत्ती जुळते का ते तपासा.

आणि कितीही एरर आल्या तरी आधी पहिलीच वाचा. खालच्या बऱ्याचशा तिच्यामुळेच आलेल्या असतात.

मी तो प्रोग्राम शेवटी आठवड्याभराने चालवला. कोडमधलं एक अक्षरही बदलावं लागलं नाही, कमांडमधले दोन शब्द मागेपुढे केले. त्यामुळे पुढच्या वेळी स्क्रीन एररने भरली, तर लगेच स्वतःला नावं ठेवू नका. 4 आणि डेल्टामध्ये पीएचडीवालेही फसत होते. ती एरर फक्त सांगतेय की एक तुकडा अजून सापडायचा आहे. तो कुठे आहे, तेवढं मशीनला सांगा.