विणकराचा मुलगा आणि गावचे वाचनालय

स्मरणिकेसाठी लिहावयास बसले, तेव्हा मला स्कॉटलंडमधील डनफर्मलिन येथील वाचनालयाची आणि ते बांधून देणाऱ्या अँड्र्यू कार्नेगी यांची आठवण झाली.

त्यांचा जन्म याच गावी १८३५ साली झाला. वडील हातमागावर कापड विणीत. वाफेचे माग आले आणि घरचा माग थंडावला. तेव्हा संसार सावरला तो आई मार्गारेटने. तिने लहानसे दुकान चालविले, रात्री जागून जोडे शिवले. १८४८ साली कर्ज काढून हे कुटुंब अमेरिकेस गेले. तेथे अँड्र्यू कापडगिरणीत आठवड्याला १ डॉलर २० सेंटवर राबू लागला. पुढे तारा पोचविण्याचे काम मिळाले. शाळा सुटली होती. पण कर्नल अँडरसन नावाच्या गृहस्थांनी आपली सुमारे ४०० पुस्तके कामकरी मुलांसाठी दर शनिवारी खुली केली होती. हीच त्याची शाळा झाली.

पुढे पोलादाच्या धंद्यात त्यांना अपार पैसा मिळाला. पहिले वाचनालय त्यांनी जन्मगावाला दिले. त्याची कोनशिला १८८१ साली मार्गारेटबाईंच्याच हस्ते बसली आणि १८८३ साली ते उघडले. आजही ते चालू आहे. पुढे निरनिराळ्या देशांत अशी २५०० हून अधिक वाचनालये त्यांच्या पैशातून उभी राहिली. अट बहुधा एकच : जागा गावाने द्यावी आणि देणगीच्या दहाव्या हिश्शाइतका खर्च दरसाल गावाने सोसावा.

परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८९२ साली होमस्टेड येथील त्यांच्या कारखान्यात मजुरीवरून तंटा पेटला. माणसे प्राणास मुकली, कामगारांची संघटना मोडली. कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडमध्ये होते; तरी दोष त्यांना चुकला नाही. बारा-बारा तास राबणाऱ्याने पुस्तक वाचावे केव्हा, हा प्रश्न उरलाच. १९०४ साली व्हीलिंग गावच्या मतदारांनी त्यांची देणगी नाकारली, ती कामगारांच्या याच रोषामुळे.

१९१९ साली कार्नेगी वारले. मला त्यांच्या दानापेक्षा त्यांची अट मोलाची वाटते. भिंती एका धनिकाच्या पैशातून उठतील. पण रोज दार उघडणे, दिवा लावणे, नवे पुस्तक आणणे हे गावालाच करावे लागते. भगिनींनो, आपण वर्गणीचे चार पैसे देतो ते याचसाठी.