शिदोरी लांबच्या उड्डाणाची

गेल्या हिवाळ्यात नातीला घेऊन भिगवणला गेलो होतो. उजनी धरणाचे पाणी तिथे पसरट होत जाते आणि थंडीत त्या उथळ पाण्यावर पाहुण्या पक्ष्यांची जणू जत्रा भरते. मच्छीमाराच्या नावेतून पुढे सरकलो तेव्हा काठच्या चिखलात पट्टकादंबांचा एक थवा बसलेला दिसला. राखी अंगाचे, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस. हिमालय ओलांडून येतात हो हे, असे मी तिला मोठ्या ऐटीत सांगितले. तिने थोडा विचार केला आणि विचारले, की एवढ्या लांब येताना ते दमत नाहीत का? आणि वाटेत भूक लागली तर काय करतात?

खरे सांगायचे तर मला नीट उत्तर देता आले नाही. घरी परतल्यावर कपाटातली सलीम अलींची पुस्तके खाली काढली. त्यांच्या आयुष्याची कथा मला ठाऊक होती, पण या वेळी नातीचा प्रश्न मनात ठेवून ती पुन्हा वाचली आणि वेगळीच वाटली. पक्षी कुठून येतात हे आपल्याला सांगणाऱ्यांत हा माणूस अग्रणी होता. ते कशाच्या बळावर येतात, याच्या उत्तराची अर्धी वाटही त्यांच्याच आयुष्यातून जाते.

सलीम अलींचा जन्म मुंबईचा, १२ नोव्हेंबर १८९६ चा. आईवडिलांचे छत्र फार लवकर हरपले आणि खेतवाडीत मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी ते वाढले. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला आणि तो मुलगा ती चिमणी घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दारात गेला, ही गोष्ट आपल्याकडे अनेकांनी शाळेतच ऐकलेली असते. सोसायटीचे सचिव मिलार्ड यांनी त्याला हाकलून न देता पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कपाट उघडून दाखवले. पुढची ऐंशी वर्षे ते कपाट काही मिटले नाही.

मधला रस्ता मात्र सरळ नव्हता. ब्रह्मदेशात तवॉयला घरच्या धंद्यात काही वर्षे गेली. तिथे हिशेबापेक्षा रानातच मन अधिक रमले. विद्यापीठाची पदवी नाही म्हणून झूऑलॉजिकल सर्व्हेमधली पक्षीतज्ज्ञाची जागा हुकली. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नोकरी मिळाली, तिथून रजा घेऊन ते बर्लिनला प्राध्यापक स्ट्रेसेमान यांच्याकडे शिकायला गेले. त्याच मुक्कामात उत्तर समुद्रातल्या हेल्गोलँड बेटावरच्या केंद्रात त्यांनी पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचे काम जवळून पाहिले. हलके, धातूचे कडे, त्यावर क्रमांक आणि पत्ता. पक्षी सोडून द्यायचा आणि जगाच्या दुसऱ्या टोकाहून कधीतरी पत्र येईल याची वाट पाहायची. पेरून विसरून जावे आणि उगवले तर नवल मानावे, असा हा उद्योग.

१९३० मध्ये परतले तेव्हा पैशाअभावी ती नोकरीच रद्द झालेली होती. पत्नी तहमीना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. तिथे घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. बेकारीच्या त्या दिवसांत शिडीवर बसून त्यांनी तिचा अभ्यास केला. नर घरटे अर्धे विणून थांबतो, मादी येऊन पाहते, पसंत पडले तरच तो पुढचे काम हाती घेतो, आणि मादी अंड्यांवर बसली की दुसरे घरटे विणायला लागतो. १९३१ मध्ये हा लेख प्रसिद्ध झाला आणि त्यांचे नाव जगभरच्या जाणकारांत पोहोचले. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. एवढासा पक्षी आपली ताकद वाया घालवत नाही. जितके हवे तितकेच खर्च करतो, तेही योग्य वेळी. पक्ष्यांच्या लांबच्या प्रवासातही हाच व्यवहार चालतो.

पुढे हैदराबादपासून एकेका संस्थानातले पक्षी त्यांनी तंबू ठोकून, पायपीट करून नोंदवले. तहमीनाबाई त्या भटकंतीत सोबत असत. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या आणि सलीम अली बहिणीच्या घरी राहायला आले. दुःख होते, पण काम थांबले नाही. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक आले. १९४५ मध्ये ते पायी मानसरोवर आणि कैलासाला जाऊन आले, यात्रेसाठी नव्हे, पक्ष्यांसाठी. आपल्या भिगवणला येणाऱ्या पट्टकादंबांचे माहेर तिबेटच्या अशाच उंच सरोवरांवर असते.

कड्यांचे काम आपल्याकडे सोसायटीने १९२७ मध्ये धार संस्थानात सुरू केले होते, पण त्याला खरा वेग आला १९५९ मध्ये, आणि तोही एका रोगामुळे. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा भागातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि माणसेही तापाने फणफणली. हा विषाणू गोचिडांतून पसरत होता आणि सैबेरियाकडच्या एका रोगाशी त्याचे साम्य होते. मग स्थलांतरी पक्ष्यांच्या अंगावरून तो आला असेल काय? जागतिक आरोग्य संघटनेने पैसा दिला, सलीम अलींनी माणसे जमवली. बिहारचे पिढीजात पक्षी पकडणारे मीरशिकार या कामात आले. भरतपूर, कच्छ अशा ठिकाणी जाळी लागली आणि हजारो पक्षी कडी घालून उडाले. रोग पक्ष्यांनी आणल्याचे काही सिद्ध झाले नाही. पण भरतपूरला कडी घातलेली बदके मध्य आशिया आणि सैबेरियात सापडल्याची पत्रे मुंबईला येऊ लागली. वाट सापडली होती.

कडे वाट सांगते, शिदोरी मात्र सांगत नाही. ती पक्षी तराजूत घातला की कळते. निघण्याआधी काही लहान पक्ष्यांचे वजन जवळजवळ दुप्पट होते, आणि ती सारी वाढ बहुतेक चरबीची असते. प्रवासाला निघताना आपण भाताचे पातेले नेत नाही, दशम्या आणि लाडू नेतो. थोड्या जागेत पुष्कळ दिवसांचे बळ मावावे, हा त्यातला हिशेब. एक ग्रॅम चरबीतून सुमारे ९ उष्मांक मिळतात, तेवढ्याच साखरेतून किंवा प्रथिनांतून ४. शिवाय साखरेचा साठा पाणी धरून जड होतो, चरबी कोरडीच राहते. आणि ती जळताना शरीरात पाणीही तयार होते, ते समुद्रावरच्या वाटेत उपयोगी पडते.

पाणटिवळा नावाच्या चिखलपायी पक्ष्याच्या एका जातीने तर याची कमाल केली आहे. २०२२ मध्ये उपग्रहाशी जोडलेले यंत्र पाठीवर घेतलेले, जेमतेम पाच महिन्यांचे एक पिल्लू अलास्काहून निघाले ते थेट ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियात उतरले. अंतर १३,५६० किलोमीटर, वेळ अकरा दिवस. मधे उतरणे नाही, खाणे नाही. हे पक्षी निघतात तेव्हा शरीराचा जवळजवळ निम्मा भाग चरबी असतो, आणि नको असलेले ओझे टाकावे तसे त्यांचे जठर, आतडी, यकृत आधीच आक्रसलेले असते. आकाशात जेवायचेच नसेल तर स्वयंपाकघर कशाला वाहायचे?

पट्टकादंबांची रीत निराळी. हे हंस एव्हरेस्टवरून सहज तरंगत जातात असे पूर्वी मानत. त्यांच्या शरीरात बसवलेल्या यंत्रांनी वेगळे चित्र दाखवले. ७,२९० मीटर उंचीवर एक हंस नोंदला गेला आहे खरा, पण बहुतेक जण शक्य तितके खालून, डोंगरउताराला धरून जातात. डोंगर आला की चढतात, दरी आली की पुन्हा उतरतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून कारण कळले. वर हवा विरळ, तिथे पंखांना रेटा कमी मिळतो आणि श्रम फार पडतात. म्हणून कमावलेली उंची सोडून पुन्हा चढणेही स्वस्त पडते. ते बहुधा रात्री किंवा पहाटे चढतात, कारण तेव्हाची थंड हवा जड असते. पक्ष्यांच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहते आणि या हंसांचे रक्त प्राणवायू अधिक घट्ट धरते, ही देणगी आहेच. पण देणगी असूनही ते उधळपट्टी करत नाहीत.

म्हणजे लांबचे उड्डाण जिंकले जाते ते जमिनीवर. निघण्याआधी जिथे पोट भरते तिथे, आणि मधल्या मुक्कामात जिथे ते पुन्हा भरते तिथे. म्हणूनच सलीम अलींच्या आयुष्यातले दुसरे मोठे काम मला कड्यांपेक्षाही मोलाचे वाटते. भरतपूरचे केवलादेव हे महाराजांच्या शिकारीचे तळे. १९३८ मध्ये लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारल्याची नोंद तिथे आहे. स्वातंत्र्यानंतर ते आटवून शेती करावी अशी मागणी झाली. शेतकऱ्याला जमीन हवी होती, तीही काही अवास्तव मागणी नव्हती. सलीम अलींनी नेहरूंपर्यंत जाऊन तळे वाचवले. १९५६ मध्ये ते अभयारण्य झाले, १९८५ मध्ये जागतिक वारसा.

पण एक गोष्ट लपवू नये. १९८२ मध्ये तिथे गुरांच्या चराईवर बंदी आली. ती यावी असे म्हणणाऱ्यांत सलीम अलीही होते. गावकरी संतापले, गोळीबार झाला, माणसांचे जीव गेले. आणि पुढे त्यांच्याच सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून दिसले, की म्हशी चरेनाशा झाल्यावर गवत माजले, मोकळे पाणी कमी झाले आणि पाहुणी बदकेही घटली. पक्ष्यांच्या ताटात म्हशींचाही हात होता. एवढ्या जाणत्या माणसाकडूनही हे सुटले. तो अभ्यास १९८० मध्ये त्यांच्या हयातीतच सुरू झाला होता, आणि सोसायटीने त्याचा निष्कर्ष दडवला नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

२० जून १९८७ रोजी सलीम अली मुंबईत गेले, नव्वद वर्षांचे होऊन. शिडशिडीत अंगाचा हा माणूस चौपन्नाव्या वर्षी मोटारसायकल घेऊन युरोपात पक्षीतज्ज्ञांच्या परिषदेला गेला होता आणि सत्तरी ओलांडल्यावर त्याने रिप्ली यांच्याबरोबर दहा खंडांचा ग्रंथ पुरा केला. १९७६ मध्ये मिळालेल्या गेटी पुरस्काराची रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीला देऊन टाकली. साठवावे कशासाठी आणि खर्चावे कुठे, हे त्यांना पक्क्या प्रवाशासारखे कळत होते.

भरतपूरला १९६४-६५ च्या हिवाळ्यात सुमारे दोनशे सैबेरियन क्रौंच आले होते. २००१-०२ मध्ये शेवटची जोडी दिसली, त्यानंतर कोणी आले नाही. त्यांच्या पंखांतले बळ काही कमी झाले नव्हते. वाटेवर, अफगाणिस्तानाच्या बाजूला, शिकार होत राहिली आणि विसाव्याची पाणथळे सुरक्षित उरली नाहीत. हजारो किलोमीटरच्या साखळीतली एक कडी तुटली तरी पुरते.

नातीला आता मी उत्तर दिले आहे. ते दमतात, बाळा. म्हणून निघण्याआधी पोटभर खातात, जपून खर्च करतात आणि उतरतील तिथे पुन्हा जेवण मिळेल अशी आशा धरून येतात. त्यावर तिने विचारले, की भिगवणच्या चिखलात त्यांच्यासाठी पुरेसे आहे ना? हा प्रश्न मात्र सलीम अलींच्या पुस्तकांतून सुटणारा नाही. तो उजनीच्या पाण्यात काय सोडले जाते आणि तिथला काठ कोण जपते, यावर अवलंबून आहे. येत्या हिवाळ्यात तिला पुन्हा घेऊन जाणार आहे.