काळ्या पाण्यातले हुम्बोल्ट

आईच्या निधनानंतर मिळालेल्या वारशावर अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी खाणखात्यातली नोकरी सोडली आणि १७९९ मध्ये दक्षिण अमेरिका गाठली. सोबत वनस्पतितज्ज्ञ एमे बॉनप्लां. पुढच्या वर्षी ओरिनोको नदीत डासांनी दोघांना फोडून काढलं. होडी आताबापो नदीत शिरली आणि डास जवळजवळ नाहीसे झाले! पाणी कॉफीच्या रंगाचं, पण पेल्यात घेतलं की नितळ. रंग वनस्पतींच्या अर्काचा असावा, हा हुम्बोल्ट यांचा तर्क बरोबर होता. कुजलेल्या पानांतले ह्युमिक पदार्थ पावसाबरोबर झिरपतात; रेताड जमीन ते धरून ठेवत नाही, आणि झाडांचा कार्बन विरघळून नदीला मिळतो. अशा आम्लधर्मी, क्षार कमी असलेल्या पाण्यात डासांच्या अळ्यांचं फारसं भागत नाही.

परतीच्या वाटेवर पुन्हा डास. अंगोस्तुराला दोघेही तापाने आडवे झाले. बॉनप्लां कसेबसे वाचले. तापाचं खापर तेव्हा दूषित हवेवर फुटत असे. डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत दिसले ते १८९७ मध्ये. हुम्बोल्ट १८५९ मध्येच, नव्वदीला चार महिने उरले असताना, बर्लिनला वारले होते.